तीर्थरूपांची गाडी

फॉर्म भरण्याआधी चौकोनावर काय लिहिलंय ते वाचावं, असं म्हणतात. पण आपल्या माणसाला ओळीने तीन चौकोन दिसले की तो वाचत नाही, भरतो. पहिल्यात स्वतःचं नाव, दुसऱ्यात वडिलांचं, तिसऱ्यात आडनाव. शाळेच्या हजेरीपटापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत हाताला तेच वळण. उद्या त्याच्यापुढे तीन खड्डे खणले तरी तो त्यांत हीच तीन रोपं याच क्रमाने लावील आणि खाली सहीही करील.

आपल्या गृहस्थांनी तेच केलं, आणि त्यांचे वडील घरबसल्या एका मोटारीचे मालक झाले.

हे गृहस्थ परदेशात एका कचेरीत जमिनीखालच्या पाण्याच्या नळांचे नकाशे काढतात. कोणता नळ कुठून निघतो, कुठे वळतो आणि कुठे गळतो हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. वय शेहेचाळीस, चष्मा दोन, स्वभाव भिडस्त. त्यांना गाडीची हौस मुळीच नव्हती. कचेरीत जायला दारातून बस होती, आणि बसमध्ये ठरलेली खिडकीही होती. गाडी हवी होती ती बायकोला.

बायकोने आपल्याकडे रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये बारा वर्षं काढली होती. इथे आल्यावर तिच्या बारा वर्षांची किंमत शून्य झाली. दोन वर्षं तिने परीक्षा दिल्या, अर्ज केले, "आपला अर्ज अतिशय आवडला, पण" अशी पत्रं जमवली. शेवटी एक पत्र "पण" शिवाय आलं. गावाबाहेर कारखान्यांच्या पलीकडे एक मोठी लॅब होती. आठ आठवड्यांनी, महिन्याच्या पहिल्या सोमवारी रुजू व्हायचं. वेळ सकाळी सात. त्या बाजूला जाणारी पहिली बस पोहोचायची आठ वीसला. पत्राच्या तळाशी सौम्य शब्दांत लिहिलं होतं, की स्वतःच्या वाहनाची सोय नसल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. बायकोने ते पत्र फ्रिजच्या दारावर लावलं. दूध काढतानासुद्धा ते वाचावं लागायचं.

परवान्याची परीक्षा दोघांनी एकाच दिवशी दिली. बायको पहिल्या फटक्यात पास झाली. आपले गृहस्थ नापास झाले, आणि तेही सभ्यपणामुळे. परदेशात आपली छाप चांगली पडली पाहिजे म्हणून एका चौकात त्यांनी समोरच्या गाडीला आधी जाऊ दिलं. मग तिच्या मागच्या गाडीला. मग एका सायकलवाल्याला, मग एका आजीबाईंना, मग त्याच आजीबाई परत आल्या तेव्हा त्यांना पुन्हा. शेजारी बसलेल्या परीक्षकाने घड्याळात बघून विचारलं, "आपण इथेच राहता का?"

"भिडस्त माणसाने रस्त्यावर उतरूच नये," बायको घरी आल्यावर म्हणाली. "घरात काय ती भीड ठेवता तेवढी पुरे."

"मी घरात भीड ठेवतो?"

"नाही. तेच म्हणतेय मी."

गाडी मात्र झकास मिळाली. दातांच्या एका डॉक्टरने वापरलेली, राखाडी रंगाची, आतून फिनेलचा वास येणारी. भावही रास्त. इथपर्यंत सगळं सुरळीत झालं, कारण परदेशात गाडी विकत घेणं फार सोपं असतं. त्या पैशांत तुम्हाला गाडी मिळते. ती गाडी आहे असं सरकारने मान्य करण्याचे पैसे वेगळे. पुढच्या नंबरपाटीचे वेगळे आणि मागच्या पाटीचे, नंबर तोच असला तरी, आणखी वेगळे. धूर सोडण्याआधी धूर तपासण्याचे, रस्ता वापरण्याचे, रस्ता न वापरता कडेला नुसतं उभं राहण्याचे. काचेवर चिकटवायचे तीन कागद, आणि ते कोणत्या कोपऱ्यात चिकटवायचे हे सांगणाऱ्या पुस्तिकेचं टपालखर्चासह मूल्य. आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. इथे मसाला घेतल्याचा दाखला दाखवल्याशिवाय कोंबडीला हात लावू देत नाहीत.

तर नोंदणीचा फॉर्म. त्यावर तीन चौकोन होते आणि प्रत्येकाच्या वर मुंगीच्या अक्षरात मथळा होता. पहिला मालक; दुसरा मालक (असल्यास); आडनाव. गृहस्थांनी मथळे वाचले नाहीत. पुढच्या पानावर मधल्या चौकोनातल्या व्यक्तीची जन्मतारीख, पत्ता आणि व्यवसाय विचारला होता. इथे खरं तर शंका यायला हवी होती. पण ज्या माणसाने जन्मभर रेशनकार्डापासून वाचनालयाच्या वर्गणीपर्यंत सगळीकडे वडिलांची माहिती भरलेली असते, त्याला यात वावगं ते काय वाटणार? उलट त्यांना बरंच वाटलं.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "उगाच म्हणतात, की या लोकांना आईबापांची कदर नाही. गाडीच्या फॉर्मवरसुद्धा अप्पांची विचारपूस केलीय."

आणि त्यांनी प्रेमाने, सुवाच्य अक्षरात, अप्पांची जन्मतारीख, गावाकडचा पिनकोडासह पत्ता आणि व्यवसायाच्या रकान्यात "सेवानिवृत्त" असं लिहिलं.

आठ दिवसांनी फोन आला. अप्पा म्हणजे आपल्या गृहस्थांचे तीर्थरूप. वय एकोणऐंशी. सरकारी कचेरीत चौतीस वर्षं नोकरी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या टेबलावरून त्रुटी न निघता एकही कागद कधी पुढे सरकला नव्हता, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्तीच्या समारंभात मिळालेल्या मानपत्रातही त्यांनी तीन त्रुटी काढल्या होत्या.

"पत्र आलंय," अप्पा म्हणाले. "तुमच्या तिकडच्या सरकारचं. जाड कागद आहे. शिक्का आहे. समोरच्या प्रोफेसरांकडून वाचून घेतलं."

"काय म्हणतंय?"

"अभिनंदन म्हणतंय. मी गाडीचा मालक झालो म्हणतंय."

गृहस्थांनी टेबलाचा खण उघडला. नोंदणीचं कार्ड त्यांच्याकडेही आलेलं होतं, पण नावं बरोबर आहेत एवढं बघून त्यांनी ते खणात टाकलं होतं. नावं बरोबरच होती. फक्त ती एका माणसाची नसून दोन माणसांची होती.

"अप्पा, त्याचं काय झालं..."

"काही बोलू नकोस," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली उतरला होता. "आधी विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाहीस. कळतं मला." मग घसा खाकरून नेहमीचा आवाज. "रंग राखाडी लिहिलाय. राखाडी म्हणजे फिका का गडद?"

"फिका, अप्पा."

"बरं. मळकट दिसत नाही ना, मग ठीक."

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "सांगितलं नाहीत ना चूक झाली म्हणून?"

"सांगणारच होतो."

"भीड," बायको म्हणाली आणि दूध काढायला फ्रिजकडे गेली.

तरी एवढ्यावर भागलं असतं. पण इथे विम्याशिवाय गाडीचं चाक हलवता येत नाही. विमा कंपनीचा माणूस फोनवर फार मृदू बोलायचा, दुखवट्याला आल्यासारखा.

"दुसऱ्या मालकांचं वय एकोणऐंशी दिसतंय. गाडी चालवण्याचा अनुभव?"

"काहीच नाही."

"म्हणजे अपघातही काहीच नाहीत?"

"एकही नाही."

"हे फार चांगलं आहे," असं म्हणून त्याने एक आकडा सांगितला. त्या आकड्यात ती गाडी, दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या दवाखान्यातली मागेपुढे होणारी खुर्ची एवढं सगळं आलं असतं. गृहस्थांनी समजावून पाहिलं, की ते गाडी चालवणार नाहीत, ते दुसऱ्या खंडात राहतात. तो हळहळून म्हणाला, "मालक म्हटला की तो कधीही चालवू शकतो, असं आम्ही धरून चालतो."

अशा वेळी सल्ल्यासाठी एकच माणूस होता. त्यांच्या ओळखीतले एक सद्गृहस्थ या देशात अकरा वर्षं राहत होते आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात त्यानेच करायचे. त्यामुळे घरात त्यांचं नाव अकरावर्षे असं पडलं होतं. त्यांच्या सल्ल्याचं वैशिष्ट्य म्हणजे तो नेहमी अचूक असायचा आणि नेहमी घटना घडून गेल्यावर मिळायचा.

"अकरा वर्षं झाली मला इथे," ते फोनवर म्हणाले. "मधल्या चौकोनात कधीही काही लिहायचं नसतं. मला आधी विचारायचं."

"आता काय करू?"

"आता काय, सोपं आहे. मालकी सोडल्याचा फॉर्म असतो. वडिलांची सही आणायची, खिडकीवर द्यायचा, झालं. आणि हो, गाडी रस्त्यावर उभी नाही ना? बिनविम्याच्या गाडीला रस्त्यावरचा परवाना नसतो."

दातांच्या डॉक्टरने आणून सोडल्यापासून गाडी रस्त्यावरच उभी होती. काचेवर पिवळी चिठ्ठीही लागलेली होती: रविवारपर्यंत गाडी हलवावी. आणि विमा नसलेली गाडी चालवून हलवणं हा गुन्हा. थोडक्यात, ती तिथे ठेवणंही बेकायदा आणि तिथून नेणंही बेकायदा. शेवटी खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने आपल्या मागच्या अंगणातली शेड, जुनी शिवणयंत्रं एका बाजूला सारून, माफक भाड्याने देऊ केली. शेड साठ पावलांवर होती. गाडी सुरू न करता ढकलत न्यायची असं ठरलं.

रविवारी सकाळी बायको सुकाणूवर बसली आणि आपले गृहस्थ मागून ढकलू लागले. साठ पावलांचा रस्ता सपाट आहे असं ते दोन वर्षं समजत होते. तो चढाचा आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. नळांच्या नकाशात हा चढ त्यांनीच स्वतःच्या हाताने दाखवला होता, पण कागदावर तो पोटऱ्यांना जाणवत नाही. खिडक्याखिडक्यांतून शेजारी डोकावले. शिंपी टेप गळ्यात घालून पुढे चालत होता आणि हाताने "या, या" करत होता. कुणीतरी सांगितलं, पाठीने ढकला. कुणीतरी सांगितलं, पाठीने मुळीच ढकलू नका. एक बाई तिसऱ्या मजल्यावरून ओरडून म्हणाल्या, की त्यांच्या कैलासवासी यजमानांनीही असंच ढकललं होतं.

"अहो, जरा जोर लावा," बायको खिडकीतून म्हणाली. "मला मागे गेल्यासारखं वाटतंय."

"वाटतंय नाही," गृहस्थ धापा टाकत म्हणाले. "जातेच आहे."

तेवढ्यात एक पोलीस आला. इथले पोलीस ओरडत नाहीत, वही काढतात.

"गाडी कोण चालवतंय?"

"कोणीच नाही," गृहस्थ म्हणाले. "ती ढकलली जातेय."

"गाडी कुणाची?"

"माझी. म्हणजे माझी आणि वडिलांची."

पोलिसाने गाडीत वाकून पाहिलं. "वडील कुठे आहेत?"

"घरी. फार लांब. त्यांना यातलं काही माहीत नाही."

पोलिसाने काही वेळ त्यांच्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग वही मिटून खिशात ठेवली, टोपी काढून गाडीच्या टपावर ठेवली आणि तोही ढकलू लागला. मात्र शेडपर्यंत तो एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहिला: वडिलांना न सांगता गाडी बाहेर का काढली?

इकडे गाडी शेडमध्ये गेली आणि तिकडे अप्पांचा कारभार सुरू झाला. दर रविवारी फोन. हवा भरली का, पाणी बघितलं का, आणि मुख्य म्हणजे किलोमीटर किती झाले. नोकरीत चौतीस वर्षं त्यांनी साहेबांच्या जीपचं लॉगबुक तपासलं होतं. जीप कुठे गेली, किती गेली, साहेबांच्या मेहुण्याच्या लग्नाला गेली असल्यास ते दौऱ्यात कसं बसवायचं, सगळं त्यांच्या हातून जायचं. आता त्यांनी नवी वही घातली होती.

"या आठवड्याला किती?"

"शून्य, अप्पा."

"मागच्या आठवड्यालाही शून्यच होते."

"जपून वापरतोय."

"वापरतोयस कुठे? शून्य म्हणजे वापरत नाहीस. गाडीत काही दोष आहे का? असेल तर तसा शेरा मारावा लागेल."

पाच आठवडे उरले तेव्हा आपल्या गृहस्थांनी मन घट्ट केलं आणि मालकी सोडल्याचा फॉर्म कुरिअरने पाठवला. फोनवर सांगायचा धीर झाला नाही म्हणून सोबत पत्र जोडलं: "ती. अप्पांस सा. न. वि. वि. नोंदणी करताना चुकून आपले नाव लागले आहे. तरी सोबतच्या कागदावर फुलीच्या जागी सही करून परत पाठवावे."

दहा दिवसांनी लखोटा परत आला. सही नव्हती. फॉर्मला टाचणीने एक चिठ्ठी लावली होती आणि तिच्यावर तीन मुद्दे होते. कलम चारमध्ये "स्वेच्छेने" असा शब्द आहे. स्वेच्छा कोणाची, याचा बोध होत नाही. मालकी सोडल्यानंतर सदर मालकी कोठे जाते, याचा उल्लेख नाही. फुली अर्जदाराने मारायची असते. ती आधीच मारलेली आढळली. सोबतचं पत्रही परत आलं होतं. त्याच्यावर शेरा काही नव्हता. फक्त "चुकून" या शब्दाखाली तांबड्या पेन्सिलीने एक रेघ होती.

गृहस्थ वैतागले. "या वयात त्यांना गाडी काय करायचीय?"

बायको ती तांबडी रेघ बघत होती. "करायचं काहीच नाहीये त्यांना," ती म्हणाली. "असू द्यायचीय फक्त."

"आणि तुझी नोकरी?"

फ्रिजवरचं पत्र थोडं तिरकं झालं होतं, ते बायकोने सरळ केलं.

त्या रविवारी फोनवर आपल्या गृहस्थांनी सगळं सांगून टाकलं: तीन चौकोन, हुकलेला परवाना, विमा, शेड, शिवणयंत्रं, सकाळी सातची लॅब. अप्पा शेवटी एवढंच म्हणाले, "सूनबाईंच्या नोकरीचं होतं, तर ते पहिल्या परिच्छेदात यायला हवं होतं. पाठव परत. सही करतो." किलोमीटर त्यांनी विचारले नाहीत.

सही आली. रुजू व्हायला चार दिवस उरले होते. गुरुवारी सकाळी गृहस्थ रजा काढून नोंदणी कचेरीत गेले. खिडकीवर चष्म्याला साखळी लावलेली एक प्रौढ बाई होती. तिने फॉर्म पाहिला, जन्मतारीख पाहिली आणि चष्मा खाली घेऊन गृहस्थांकडे पाहिलं.

"म्हणजे एकोणऐंशी वर्षांचा वृद्ध मनुष्य आपली मालमत्ता सोडतोय. आणि ती मिळणार तुम्हाला."

"हो. म्हणजे ती माझीच आहे."

"असं सगळेच म्हणतात," बाई सहानुभूतीने म्हणाली. "गैरसमज करून घेऊ नका. तुमच्यावर संशय नाही. पण पंचाहत्तरच्या पुढे संशय घेणं हे आमचं काम आहे. त्यांच्याशी स्वतंत्र बोलावं लागेल. दुभाषी आम्ही देऊ. तुम्ही बाहेर बसा."

आणि ज्या माणसाने जन्मात बापाच्या खिशातून पाच पैशाचं नाणं उचललं नव्हतं, तो माणूस बापाची इस्टेट लाटणारा संशयित म्हणून काचेबाहेरच्या बाकावर बसला. शेजारी एक बाई मांडीवर कुत्रं घेऊन बसली होती. तिने कुत्रं दुसऱ्या मांडीवर घेतलं.

काचेतून आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. पडद्यावर अप्पा उगवले. इस्त्रीचा शर्ट, वरची गुंडी लावलेली, मागे सरळ करून लावलेली दिनदर्शिका, आणि कडेला प्रोफेसरांचा अर्धा कान. पडद्याच्या कोपऱ्यात एक दुभाषी बाई होत्या. सुरुवातीला चष्मेवाली बाई विचारत होती आणि अप्पा उत्तर देत होते. दहा मिनिटांनी अप्पा विचारत होते आणि ती उत्तर देत होती. विसाव्या मिनिटाला ती हसली. मग तिने आतून दुसऱ्या एका कारकुनाला बोलावलं, तोही खुर्ची ओढून बसला. अप्पांनी आपलं लॉगबुक उघडून पडद्यापुढे धरलं. दोघांनी वाकून पाहिलं. चाळिसाव्या मिनिटाला बाई उठली, कपाटाच्या अगदी खालच्या कप्प्याशी बसली आणि धूळ झटकत एक कागद घेऊन उभी राहिली. पडद्यावर अप्पांनी मान डोलावली. ही मान गृहस्थांना ठाऊक होती. दहावीच्या गणितात त्यांना ब्याण्णव मिळाले तेव्हाही ती इतकी डोलली नव्हती.

बाई बाहेर आली. "तुमचा अर्ज नामंजूर झालाय."

गृहस्थांच्या डोळ्यांपुढे फ्रिजचं दार आलं.

"तुमच्या वडिलांनी सही केली होती, पण मी विचारलं, मालकी मनापासून सोडताय का? तर ते म्हणाले, सरकारी प्रश्नाला खोटं उत्तर देण्याची मला सवय नाही. सोडवत नाहीये, पण सुनेची नोकरी आहे म्हणून सोडतोय. असं म्हटल्यावर मला तो अर्ज मंजूर करता येत नाही."

"बाई, सोमवारी तिला..."

"ऐका. मग ते म्हणाले, तुमच्याकडे दुसरा फॉर्म असेल. मी म्हटलं नाही. ते म्हणाले, असणारच. प्रत्येक कचेरीत एक दुसरा फॉर्म असतो. तो खिडकीवर ठेवत नाहीत, कारण मग पहिला कोणी भरत नाही. कपाटाच्या खालच्या कप्प्यात बघा, डावीकडे." तिने हातातला कागद पुढे केला. "एकोणीस वर्षं मी इथे आहे. मला माहीत नव्हतं. 'वाहन न चालवणारा मालक'. नाव मालकीत राहतं, विम्यातून निघतं. फी नाही."

गृहस्थांनी कागद हातात घेतला. त्याच्यावर एकच चौकोन होता.

"तुमच्या वडिलांनी आणखी एक सुचवलंय," बाई चष्मा पुसत म्हणाली. "तुम्ही परवान्यात नापास झालात म्हणे. तेव्हा एक प्रत तुमच्यासाठीही भरून टाका. विमा अजून उतरेल." आणि जाता जाता मागे वळून म्हणाली, "फार चांगला माणूस. आमचं आवक-जावक बघायला त्यांना वेळ असेल का हो?"

विमा शुक्रवारी झाला. विम्याच्या माणसाने नवा आकडा इतक्या दुःखी आवाजात सांगितला, की तो परवडणारा आहे हे गृहस्थांच्या लक्षात यायला वेळ लागला. अकरावर्षेंचा लगेच फोन आला. अकरा वर्षं इथे राहून हा फॉर्म त्यांना ठाऊक नसावा हे त्यांना लागलं होतं. पण तसं न म्हणता ते म्हणाले, की ते हेच सुचवणार होते.

सोमवारी पहाटे सहाला बायको शेडमधून गाडी घेऊन बाहेर आली. शिंपी दाराशी उभा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनीही खिडकी उघडली होती. अप्पांचा फोन पावणेसहालाच आला होता. आपले गृहस्थ पायजम्यावर, हातात फोन घेऊन गाडीच्या खिडकीशी उभे राहिले आणि त्यांनी तो आत धरला.

"सूनबाई, आरसा बघितलास?"

"बघितला अप्पा."

"किलोमीटर?"

तिने आकडा वाचून दाखवला. पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, मग पेनचं टोपण काढल्याचा. "लिहिलं," अप्पा म्हणाले. "वेळ सहा शून्य चार. प्रयोजन, कार्यालयीन." मग टोपण परत लावल्याचा आवाज. "निघा तुम्ही. मालकांची परवानगी आहे."

"येते अप्पा," बायको म्हणाली. तिचे डोळे जरा चमकले, पण तिने ते आरशाकडे वळवले आणि गाडी सुटली.

"माझीही आहे," आपले गृहस्थ म्हणाले.

गाडी तोवर कोपऱ्यावरून वळली होती. शिंपी आत गेला. वरची खिडकी बंद झाली. रस्त्यावर ते, त्यांचा पायजमा आणि हातातला फोन एवढंच उरलं.

"तुला कोणी विचारलंय?" फोनमधून अप्पा म्हणाले. "जा, आंघोळ करून घे. तुझी बस चुकेल."